चतुर्थीचे दोन अर्थ

संस्कृताचे आरंभींचे पाठ शिकवितांना मुलांस सर्वांत अधिक घोटाळ्यांत पाडणारी विभक्ति कोणती, असें मला कोणी विचारिलें तर मी चतुर्थीचें नांव घेईन. तिचे मुख्य अर्थ दोन. एक ‘साठीं’ असा. एखादी गोष्ट ज्या हेतूनें असते तो हेतु चतुर्थींत येतो. दुसरा ‘ला’ असा. ज्यास कांहीं द्यावयाचें तो घेणारा चतुर्थींत येतो. शाळेंत माझा संबंध चौथीपर्यंतच्या मुलांशींच होता. पण सायंकाळीं आमच्या ओसरीवर दहावीचीं पांचसात मुलें संस्कृतासाठीं येत, आणि पहिल्या अर्थाचें उदाहरण म्हणून मी त्यांना नेहमीं आपल्या पोलिसांचें ब्रीद सांगत असें. महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ अशीं दोन पदें आहेत. सज्जनांच्या रक्षणासाठीं आणि दुर्जनांच्या निग्रहासाठीं. दोन्ही पदें चतुर्थींत, दोन्हींचा अर्थ हेतूचा.

एके दिवशीं त्यांतला एक खट्याळ मुलगा म्हणाला, “गुरुजी, ही चतुर्थी नक्की ‘साठीं’ची, कीं ‘ला’ची?” सारीं मुलें हंसलीं आणि खरें सांगावयाचें तर मीही हंसलों. मुलाचा विनोद व्याकरणाला धरून होता, म्हणून मला त्याचें कौतुकच वाटलें. पण त्याच्या प्रश्नाला मीं उत्तर दिलें नाहीं. पुढें माझ्या आयुष्यांत दोनतीन प्रसंग असे आले कीं, तें न दिलेलें उत्तर मला शोधावें लागलें. तें आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

पहिला प्रसंग २००८ सालचा. आमच्या कन्येस नोकरीनिमित्त परदेशीं जावयाचें होतें आणि पारपत्राच्या अर्जाची पोलिस चौकशी व्हावयाची होती. ठाण्यांतून एक हवालदार घरीं आले. वयानें चाळिशीचे, बोलण्यांत अदबशीर. त्यांनीं शिधापत्रिका पाहिली, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या, चहा घेतला. उठतां उठतां म्हणाले, “गुरुजी, अहवाल आजच पाठवायला हरकत नाहीं, पण कागद पुढें कुठें अडकला तर तें आमच्या हातीं नसतें.” इतकेंच. मागणी म्हणावी तर मागणीचा एक शब्द नाहीं, आणि न म्हणावी तर सारें सांगून झालेलें! मी आंत गेलों. कपाटांत आहेराचीं पाकिटें होतीं. एक रुपयाचें नाणें चिकटविलेलीं असतात तशीं. एका पाकिटांत पांचशेंची नोट घातली आणि तें त्यांच्या हातीं देतांना मीं “मुलांना खाऊ” असें म्हटलें. त्यांनीं नमस्कार केला. चार दिवसांत काम झालें.

त्या रात्रीं मीं व्याकरणाचा आश्रय घेतला. आमच्या जुन्या वैयाकरणांनीं चतुर्थीच्या बाबतींत एक मार्मिक भेद केलेला आहे. देणाऱ्यानें वस्तूवरील आपला हक्क खरोखर सोडावा आणि घेणाऱ्याचा तीवर हक्क व्हावा, तरच तें खरें देणें आणि तेथेंच चतुर्थी. धोब्यास कपडे दिले तर ते परत यावयाचे असतात, म्हणून तेथें चतुर्थी होत नाहीं, षष्ठी होते. मारणाऱ्यापुढें पाठ केली तर ती पाठ कांहीं त्यास दान केलेली नसते. म्हणून तेथेंही षष्ठीच. मीं मनाशीं म्हटलें, माझें देणें हें दान नव्हे कीं लांच नव्हे. ती मारणाऱ्यापुढें केलेली पाठ आहे. या समजुतीनें मला झोंप लागली.

पण मला मारलें होतें कोणीं? हवालदारांनीं आवाजही चढविला नव्हता. फार तर अहवालास पंधरा दिवस उशीर झाला असता, मला वरिष्ठांकडे एक अर्ज लिहावा लागला असता, चार हेलपाटे पडले असते. ते चुकविण्यासाठीं मीं पांचशें रुपये दिले आणि त्यांवर आहेराचें वेष्टण चढविलें. पुढें २०१८ सालीं भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत दुरुस्ती झाली तेव्हां वैयाकरणांचा तोच भेद मला कायद्याच्या भाषेंत भेटला. लांच देणें हाही आतां स्पष्ट गुन्हा आहे. सुटका त्यासच, ज्यास ती द्यावयास भाग पाडलें आणि ज्यानें सात दिवसांच्या आंत ती गोष्ट पोलिसांस किंवा तपासयंत्रणेस कळविली. माझा प्रसंग त्या दुरुस्तीच्या आधींचा होता हें खरें. पण त्या सात दिवसांच्या जागीं मला दहा वर्षें मिळालीं होतीं आणि मीं कोणास चकार शब्दानें कांहीं कळविलें नव्हतें.

दुसरा प्रसंग २०१० सालचा. लांचलुचपत प्रतिबंधक विभाग जेव्हां सापळा लावतो तेव्हां त्यास दोन पंच लागतात आणि ते बहुधा दुसऱ्या सरकारी अथवा निमसरकारी खात्यांतून घेतले जातात. एके दिवशीं मला व आमच्या कचेरींतील एका कारकुनास असें बोलावणें आलें. कशासाठीं तें आधीं सांगत नाहींत. तेथें गेल्यावर कळलें कीं, शेजारच्या तालुक्याच्या गांवीं एका दूधवाल्याची मोटारसायकल अपघातानंतर ठाण्यांत अडकली होती आणि ती सोडविण्याचा अहवाल न्यायालयांत पाठविण्यासाठीं एका हवालदारानें दोन हजार रुपये मागितले होते. दूधवाल्याचा रोजचा धंदा त्या गाडीवर. तो तक्रार घेऊन आला होता.

सापळ्याचा विधि ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्याकरितां थोडक्यांत सांगतों. नोटांचे क्रमांक पंचनाम्यांत लिहून घेतले. मग त्यांवर फिनॉल्फ्थॅलीन नांवाची पांढरी पूड लाविली. ती डोळ्यांस दिसत नाहीं. पण तिचा स्पर्श झालेलीं बोटें सोडियम कार्बोनेटच्या पाण्यांत बुडविलीं म्हणजे तें स्वच्छ पाणी गुलाबी होतें. हें आम्हां पंचांस आधीं करून दाखविलें. तक्रारदारास बजावलें कीं, मागितल्यावांचून पैसे द्यावयाचे नाहींत. एका पंचानें तक्रारदाराबरोबर राहून बोलणें ऐकावयाचें असतें; तें काम माझ्याकडे आलें. पैसे घेतल्यावर तक्रारदारानें रुमालानें तोंड पुसावें अशी खूण ठरली.

ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर सारें घडलें. हवालदारानें माझ्याकडे पाहून “हे कोण?” असें विचारलें, दूधवाल्यानें “मामा” म्हणून सांगितलें. मग त्यानें “आणलेस का दोन?” असें विचारलें, पैसे घेतले, न मोजतां खिशांत टाकले. रुमाल तोंडावर गेला आणि चोहोंकडून माणसें आलीं. त्याचीं बोटें पाण्यांत बुडविलीं, पाणी गुलाबी झालें, तें बाटलींत भरून बाटलीला लाखेची मोहोर केली. या साऱ्या गडबडींत मला एकच गोष्ट ठसठशीत आठवते. ज्या क्षणीं त्याचें मनगट धरलें त्या क्षणीं त्या माणसानें पळण्याकडे पाहिलें नाहीं, दूधवाल्याकडे पाहिलें नाहीं. त्यानें मान वर करून ठाण्याच्या माडीवरील खिडकीकडे पाहिलें. ती साहेबांची खोली होती. खिडकी बंद होती. थोड्या वेळानें साहेब खालीं आले, त्यांनीं अत्यंत आश्चर्य व खेद प्रकट केला, आम्हां पंचांस बसावयास खुर्च्या देवविल्या आणि चहा मागविला. त्यांच्याविरुद्ध कागदावर कांहींच नव्हतें. वर्षभरानें त्यांची बदली झाली, असें ऐकलें.

ती बंद खिडकी पाहून मला शाकुंतलाचा सहावा अंक आठवला. शापाच्या आणि विरहाच्या कथेंत कालिदासानें अंकाच्या आरंभीं एक लहानसा प्रवेश घातला आहे, ज्याकडे आम्ही शिक्षक परीक्षेच्या दृष्टीनें फारसें लक्ष देत नाहीं. राजमुद्रेची आंगठी विकतांना एक कोळी सांपडतो. दोन शिपाई त्यास बांधून बडवीत आणतात. आंगठी माशाच्या पोटांत मिळाली हें तो परोपरीनें सांगतो. शिपाई त्याच्या जातीची टवाळी करितात आणि वधाच्या फुलांची माळ याच्या गळ्यांत घालावयास आपले हात शिवशिवत आहेत असें म्हणतात. तोंच राजवाड्यांतून आंगठीच्या मोलाएवढें बक्षीस त्या कोळ्यास येतें. आतां शिपायांची नजर त्या पैशावर खिळते. तो बिचारा समजतो आणि अर्धी रक्कम त्या फुलांची किंमत म्हणून त्यांच्या स्वाधीन करितो.

येथवर शिपायांची गोष्ट झाली. पण त्या प्रवेशांत तिसरा एक माणूस आहे. तो नगराचा मुख्य अधिकारी, नात्यानें राजाचा मेहुणा. हे सारें त्याच्या डोळ्यांदेखत चालतें. तो शिपायांस दटावील, कोळ्याचे पैसे परत देववील, असें प्रेक्षकास वाटतें. तों तो कोळ्यास म्हणतो कीं, आजपासून तूं माझा जिवलग मित्र, चल, ही मैत्री मद्याच्या दुकानीं साजरी करूं! आणि सारे मिळून तिकडे जातात. मला आश्चर्य वाटतें तें याचें कीं, कोणी मागणी केलेली नाहीं. पंच उभे असते तर त्यांना एक शब्द ऐकूं आला नसता. माझ्या घरीं आलेल्या हवालदारांप्रमाणेंच तेथेंही सारें नजरेनें झालें. आणि ज्यानें ती नजर पकडावयाची तो वांटेकरी होऊन बसला.

विचार करतां मला असें वाटूं लागलें कीं, पोलिसांच्या अनाचाराची चर्चा आपण नेहमीं बोटांपासून सुरू करितों आणि खिडकीपर्यंत पोंचत नाहीं. बोटें रंगतात, खिडकीला रंग चढत नाहीं.

हें दुखणें आजचें नव्हे, आणि निदानही आजचें नव्हे. १९०२ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं पोलिस कमिशन नेमलें. परक्या सरकारनें स्वतःच्याच खात्याविषयीं जो निष्कर्ष काढला तो मोठा स्पष्ट होता. खातें अकार्यक्षम आहे, त्याचें शिक्षण अपुरें आहे, लोक त्यास भ्रष्ट व जुलमी समजतात. आणि या यादींतच एक कलम असें होतें कीं, त्यावर पुरेशी देखरेख नाहीं. स्वातंत्र्यानंतर १९७७ सालीं धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय पोलिस आयोग नेमला गेला आणि १९८१ पर्यंत त्यानें आठ अहवाल दिले. ते धूळ खात पडले. प्रकाश सिंह नांवाचे एक निवृत्त पोलिस अधिकारीच शेवटीं सर्वोच्च न्यायालयांत गेले आणि २२ सप्टेंबर २००६ रोजीं न्यायालयानें सात आदेश दिले. ठाण्याच्या अधिकाऱ्यास निदान दोन वर्षें एका जागीं राहूं द्यावें, बदल्या-बढत्यांचा विचार खात्यांतील मंडळानें करावा, तपास व बंदोबस्त हीं कामें वेगळीं करावीं, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठीं स्वतंत्र प्राधिकरण असावें, हे त्यांतले कांहीं. महाराष्ट्रानें त्यानंतर आठ वर्षांनीं, २०१४ सालीं, आपल्या पोलिस कायद्यांत दुरुस्ती केली व राज्य आणि विभाग अशा दोन पातळ्यांवर तक्रार प्राधिकरणांची तरतूद केली.

बदलीची गोष्ट देखरेखीशीं कशी जोडली जाते, असें कोणी विचारील. ज्या वरिष्ठाची स्वतःची खुर्ची उद्यां कोणाच्या मर्जीनें जाईल याचा भरंवसा नाहीं, तो खालच्या माणसाकडे ताठ मानेनें पाहूं शकत नाहीं. २०२१ च्या मार्च महिन्यांत मुंबईच्या पोलिस आयुक्तपदावरून नुकत्याच दूर झालेल्या अधिकाऱ्यानें मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून गृहमंत्र्यांवर दरमहा शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप केला. मंत्र्यांनीं तो साफ नाकारला आणि पुढील महिन्यांत पदत्याग केला. त्यांतलें खरेंखोटें ठरविणें हें न्यायालयाचें काम. तें माझें नव्हे. पण ‘वसुली’ हा शब्द त्या दिवसांत घराघरांतील पोरांच्या तोंडीं झाला आणि कोणासही त्याचा अर्थ विचारावा लागला नाहीं, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटली.

बंद खिडकीखालीं पैशाचेंच काय तें होतें असें मात्र समजूं नये. १९७२ च्या मार्चमध्यें तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंज येथील ठाण्यांत एक आदिवासी मुलगी चौकशीसाठीं रात्रीं आणली गेली. बरोबरच्या नातलगांस बाहेर थांबविलें आणि तिला आंत ठेविलें. दोन पोलिसांनीं आंत अत्याचार केल्याची तिची तक्रार होती. सत्र न्यायालयानें त्यांना सोडलें, उच्च न्यायालयानें दोषी धरिलें आणि १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुनः सोडलें. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहींत, हें त्यांतलें एक कारण. १९७९ सालीं चार कायदेपंडितांनीं सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिलें. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे ते चौघे. ठाण्याच्या चार भिंतींत गरीब मुलीच्या मौनाला संमति कसें म्हणतां, हा त्यांचा प्रश्न होता. देशभर चळवळ उठली आणि १९८३ सालीं कायदा बदलला. ताब्यांतील स्त्रीवरील अत्याचार हा अधिक गंभीर गुन्हा ठरला. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत बंदींतील स्त्रीवर हात टाकणाऱ्या अधिकाऱ्यास दंड सांगितलेला आहे; म्हणजे ही भीति किती जुनी! कोठडीविषयीं पुढें न्यायालयानें आणखी दोन मोठे आदेश दिले. १९९६ सालच्या बसु खटल्यांत अटकेचा कागद, त्यावर साक्षीदाराची सही, नातलगांस सूचना, दर अठ्ठेचाळीस तासांनीं वैद्यकीय तपासणी हे नियम घातले. २०२० सालीं प्रत्येक ठाण्यांत चलच्चित्रक बसवून त्याचें चित्रण अठरा महिने ठेवावें असें सांगितलें. हे सारे नियम म्हणजे बंद खिडकीला पाडलेलीं छिद्रें आहेत. परंतु छिद्रांतून पाहणारा कोणी पाहिजे.

आतां तिसरा प्रसंग. २०१० सालच्या त्या सापळ्याचा खटला २०१७ सालीं उभा राहिला. मी त्याच वर्षीं निवृत्त झालों होतों. साक्षीचें समन्स आल्याचें गांवांत कळलें आणि हितचिंतक जमूं लागले. “सात वर्षांपूर्वींचें कोणास आठवतें? आठवत नाहीं म्हणा आणि मोकळे व्हा,” असें एकानें सुचविलें. दुसऱ्यानें त्या माणसाच्या लेकराबाळांची आठवण दिली. साक्षीच्या आदल्या संध्याकाळीं त्या हवालदाराची पत्नी आमच्या घरीं आली. बरोबर अकरावींतला मुलगा होता. सौ.नें दोघांस पाणी दिलें. खोटें बोला असें ती बाई म्हणाली नाहीं. तसें म्हणाली असती तर मला उत्तर देणें सोपें गेलें असतें. ती म्हणाली, “गुरुजी, त्यांनीं घेतले हें मी नाकारीत नाहीं. पण एकट्यानें खाल्ले का, एवढेंच मला सांगा. साहेबांकडे पाहुणे आले कीं जेवणाचें बिल कोण भरीत होतें, हें साऱ्या ठाण्याला ठाऊक होतें. तें कोर्टांत कोणी विचारणार आहे का?” मी म्हटलें, “बाई, मला जें दिसलें तेंच मी सांगणार. जें दिसलें नाहीं तें मला सांगतां येणार नाहीं.” “तेंच तर,” ती म्हणाली. मुलानें जातांना वांकून नमस्कार केला. मला त्यास आशीर्वाद देतांना जड गेलें.

ते गेल्यावर सौ. बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “उद्यां त्यांच्या वकिलानें विचारलें, कीं मास्तर, तुम्हीं कधीं कोणास दिले आहेत का, तर काय सांगाल? ते पाकीट मीच कपाटांत ठेवलेलें होतें.” नऊ वर्षांत तिनें त्या गोष्टीचा उच्चार केला नव्हता. त्या रात्रीं मला व्याकरणानें झोंप आणली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं साक्ष झाली. उलटतपासणींत वकिलांनीं माझी दृष्टि, माझें ऐकणें, टपरीवरील गर्दी, पंचनाम्याची वेळ, सारें खोदून काढलें. तो एक प्रश्न त्यांनीं विचारला नाहीं. मीं पाहिलें व ऐकलें तें सांगितलें. हवालदारास एक वर्षाची सक्तमजुरी झाली आणि नोकरी गेली. शिक्षा न्याय्यच होती. दूधवाल्याचा रोजगार अडवून त्यानें पैसे घेतले होते. परंतु न्यायालयाबाहेर आल्यावर मला असें वाटलें कीं, या दिवशीं तीन माणसांचा झाडा व्हावयास पाहिजे होता आणि एकाचाच झाला. माडीवरच्या साहेबांस कोणी विचारलें नाहीं, आणि मलाही कोणी विचारलें नाहीं. म्हणून या पानांवर मीं तो प्रश्न स्वतःसच विचारून घेतला आहे.

त्या बाईच्या प्रश्नाला उत्तर देणारें उदाहरण जगांत नाहीं असें नव्हे. हाँगकाँगमध्यें १९७० च्या सुमारास पोलिसांची वसुली इतकी पद्धतशीर होती कीं, ठाण्यांचे हिस्से बांधलेले असत. १९७३ सालीं पीटर गॉडबर नांवाचा एक बडा पोलिस अधिकारी, मिळकतीपलीकडच्या संपत्तीचा जाब विचारला जात असतांना, देश सोडून पळाला. लोक रस्त्यावर आले. १९७४ सालीं सरकारनें पोलिसखात्याबाहेरचें, थेट गव्हर्नरास जबाबदार असलेलें स्वतंत्र आयोग स्थापिलें. गॉडबरला परत आणून शिक्षा केली. त्यांनीं आरंभ शिपायाच्या बोटांपासून न करितां साहेबाच्या खिडकीपासून केला. पुढें १९७७ सालीं पोलिसांनीं त्या आयोगाविरुद्ध दंगा केला आणि सरकारास जुन्या गुन्ह्यांपैकीं बऱ्याचशांस माफी द्यावी लागली, हेंही खरें. पण जुनी सामुदायिक वसुली मोडली ती मोडलीच.

कोणी म्हणेल, माणूस मुळांत नीतिमान् असेल तर देखरेख कशास हवी, आणि नसेल तर देखरेखीनें काय होणार? छत्तीस वर्षें परीक्षेच्या वर्गांत उभा राहिल्यानें मला हा प्रश्न फसवा वाटतो. वर्गांत पांच मुलें अशीं असतात कीं तीं कोणी नसतांही कॉपी करणार नाहींत. पांच अशीं कीं कोणी असतांही करतील. मधलीं तीस मुलें मास्तर कोठें पाहतो तें पाहत असतात. मास्तर दाराशीं उभा राहून वर्तमानपत्र वाचूं लागला कीं त्या तिसांस तो न बोलतां एक धडा शिकवितो. पोलिसखात्यांतही मधलीच माणसें पुष्कळ आहेत. आणि आपण नागरिकही बहुतेक त्या मधल्या तिसांतलेच.

अलीकडची एक गोष्ट सांगून आटोपतों. २०२३ सालीं कन्येकडे जावयाचें म्हणून मीं माझें पारपत्र काढलें. चौकशीला एक तरुण शिपाई आला. हातांत टॅबलेट, त्यावर कागदांचीं छायाचित्रें घेतलीं, माझी सही घेतली. पंधरा मिनिटांत काम झालें. तो उठला, आणि वाचकहो, सांगावयास लाज वाटते, पण माझी पावलें आपण होऊन कपाटाकडे वळलीं! सौ.नें माझ्याकडे पाहिलें आणि मी थांबलों. त्या मुलाच्या तें ध्यानांत आलें असावें. तो हंसून म्हणाला, “नको, काका. आमच्या साहेबीण बाई संध्याकाळीं अर्जदारांना स्वतः फोन करून विचारतात. आणि आतां तशी संवयही राहिली नाहीं.”

संध्याकाळीं खरोखरच फोन आला. बाईंनीं विचारलें, “शिपाई वेळेवर आला का? कांहीं मागितलें का?” मी म्हटलें, “नाहीं.” त्यांनीं विचारलें, “तुम्हीं कांहीं दिलें का?”

हा प्रश्न मला पंधरा वर्षांनीं कोणी तरी विचारला. मी म्हटलें, “या वेळीं नाहीं.” त्या क्षणभर थांबल्या, ‘या वेळीं’ या शब्दांचा अर्थ त्यांना कळला असावा. मग आभार मानून त्यांनीं फोन ठेविला.

ओसरीवरचा तो मुलगा आज कोठें असतो, मला ठाऊक नाहीं. भेटला तर मी त्यास सांगेन कीं, बाबा रे, ब्रीदांतली चतुर्थी ‘साठीं’चीच आहे, पण तिची ‘ला’ होऊं नये म्हणून कोणी तरी रोज विचारीत राहावें लागतें, आणि विचारलें म्हणजे आपणही खरें उत्तर द्यावें लागतें. तें नाणें लावलेलीं पाकिटें अजून कपाटांत आहेत. सौ. म्हणते, लग्नसराईला लागतील, राहूं द्यात.